डॉक्टरांनी मासा खाल्ला

आमच्या डॉक्टरांच्या गळ्यात दोन गोष्टी असायच्या. एक स्टेथोस्कोप आणि दुसरी इष्टलिंगाची चांदीची डबी. पेशंटवर वाकले की दोन्ही पुढं लोंबायच्या, एकमेकींवर आपटून टिकटिक वाजायच्या. लहान पोरं नेमकी त्या डबीला हात घालायची. पोराची आई ओशाळून हात सोडवायला लागली की डॉक्टर म्हणायचे, "धरू दे की. तेवढं रडणं थांबतंय." आणि पोरानं डबी मुठीत घट्ट धरलेली असतानाच इंजेक्शन देऊन मोकळे व्हायचे.

घराणं लिंगायत, मूळचं मैंदर्गीचं. घरात कानडी, दवाखान्यात मराठी, आणि पेठेतल्या विणकर साळी लोकांशी मोडकंतोडकं तेलुगू. कपाळावर भस्माचे तीन पट्टे. घरात कांदा-लसूण चालायचा, पण मासा-मटणाचं नावसुद्धा नाही. त्यांच्या आजोबांनी म्हणे अंडं विकणाऱ्याला अंगणातूनसुद्धा जाऊ दिलं नव्हतं. हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचं वजन त्याशिवाय कळायचं नाही.

मी त्यांच्याकडे नर्स म्हणून लागले तेव्हा नुकतीच कोर्स संपवून जेऊरहून आले होते. वडील जेऊर स्टेशनावर पोर्टर. पहिल्या दिवशी मी सर्टिफिकेट पुढं केलं, तर त्यांनी ते बघितलंही नाही. कपाटातून बाटली काढली आणि विचारलं, "सिस्टर, एरंडेल प्यालाय का कधी?"

"लहानपणी प्याले होते."

"तेव्हाचं विसरला असाल. आता प्या."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी दोन कपांत ओतलं, एक मला दिला आणि दुसरा स्वतः एका घोटात संपवला. मी नाक दाबून कसंबसं गिळलं. माझ्याकडे बघत म्हणाले, "आता कळलं न्हवं, पोर का थुंकतंय? आता त्याला रागवायचं न्हाय."

हा त्यांचा नेम होता. नवं औषध आलं की आधी स्वतः घ्यायचे. हाताला प्लास्टर घालून हिंडायचे, कशासाठी, तर पोराला कुठं खाजेल ते कळावं म्हणून. त्या हातानं जेवताना आमटी शर्टावर सांडायची आणि अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दाराआडून कपाळाला हात लावायच्या. ते म्हणायचे, "जे आपल्या तोंडात घातलं न्हाय, ते दुसऱ्याच्या तोंडात घालायचं न्हाय." ह्याला एक दुसरी बाजूही होती, ती मला पुढं कळली. दुसऱ्याच्या तोंडातलं काढायचं असेल, तर तेसुद्धा आधी आपल्या तोंडात घालून बघायचं.

गिरणीतले लोक तंबाखू खायचे. डॉक्टरांना त्यांना ती सोडायला सांगायची होती. म्हणून आठवडाभर हे स्वतः तंबाखू मळून दाढेत धरून बसले. पहिल्या दिवशी चक्कर येऊन तपासणीच्या टेबलावरच आडवे झाले आणि पेशंटांनी त्यांना लिंबूपाणी पाजलं. आठवड्याच्या शेवटी मात्र त्यांना तलफ येऊ लागली. मग त्यांनी ती सोडली आणि सोडताना चिडचिड किती होते, हात कसे थरथरतात, हे सगळं भोगलं. त्यानंतर ते लोकांना सांगायचे, तेव्हा त्यात उपदेश नसायचा. "तिसरा दिवस लई वाईट असतोय बघा. त्या दिवशी बायकोशी बोलू नका. चौथ्या दिवसापासून जरा बरं वाटतंय." आणि लोक खरंच सोडायचे. सगळे नाही, पण बरेच.

एका मागवाल्याची कंबर धरली होती. पॉवरलूमवर उभ्या पाळ्या. "उभं राहू नका" असं डॉक्टरांच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून ते त्याच्या कारखान्यात जाऊन पूर्ण पाळी मागापुढं उभे राहिले. परत आले तेव्हा भुवयांत कापसाची तुसं अडकलेली, आणि मी काय बोलते ते त्यांना ऐकूच येत नव्हतं. ओरडून म्हणाले, "उभं राहू नका म्हणणं म्हणजे जेवू नका म्हणणं आहे, सिस्टर!" मग त्या माणसाला त्यांनी सांगितलं, की एका पायाखाली वीट ठेव आणि मधूनमधून पाय बदल. महिन्याभरात पेठेतल्या कितीतरी मागांपुढं एकेक वीट दिसायला लागली.

लोक त्यांना येडं डाक्टर म्हणायचे. पण दुखलं-खुपलं की त्या येड्याकडेच यायचे.

दुष्काळाच्या वर्षांतली गोष्ट. रेशनला मिलो, म्हणजे परदेशातली तांबडी ज्वारी, मिळायची. तिची भाकरी वाळली की चामड्यासारखी व्हायची. शाळांतून पोरांना सुकडी वाटत. आमच्या पेठेच्या मागं एक तळं होतं. नकाशात त्याला काहीतरी नाव असेल, आम्ही मागचं तळं म्हणायचो. पेठेतल्या सूत रंगवायच्या डाइंगचं पाणी एका नाल्यातून त्या तळ्यात जायचं. एरवी तळं मोठं, त्यामुळं रंग पुढं विरून जायचा. त्या वर्षी पाणी आटत आटत मधल्या खड्ड्यात गोळा झालं, आणि नाला मात्र पहिल्यासारखाच वाहत राहिला. ज्या दिवशी चादरींना लाल रंग असेल त्या दिवशी काठावर लाल फेस यायचा, निळा असेल त्या दिवशी निळा. त्या पाण्यातही मासे होते. पाणी कमी झाल्यामुळं ते हातानंसुद्धा सापडायचे. काठावरच्या भोई वस्तीतले लोक मासे धरायचे, आणि शेवंताबाई नावाची एक बाई ते टोपलीत घालून पेठेत विकायची. मटण परवडत नव्हतं, डाळ मिळत नव्हती. घराघरांतून त्या माशांचा वास येऊ लागला.

त्याच सुमाराला दवाखान्यात पोटदुखीची पोरं वाढली. कळा येऊन ओकणारी, तोंड आलेली. भोई लोकांच्या नडग्यांवर फोड यायचे, तेही लवकर भरत नव्हते. डॉक्टरांची एक पद्धत होती. पेशंट समोर बसला की आधी नाडी नाही, जीभ नाही. "काल काय काय पोटात गेलं? सकाळपासून सांगा." ह्या सवयीमुळं त्यांना अख्ख्या पेठेची स्वयंपाकघरं पाठ होती. त्या दिवसांत उत्तरात एक शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला. मासा.

त्यांनी मासा तपासून घ्यायचाही प्रयत्न केला. एका प्रयोगशाळेतून उत्तर आलं, की पाणी तपासू, मासा कसा तपासायचा ते आम्हाला ठाऊक नाही. पाणी कुणी पिणार नव्हतंच. नरसय्या म्हणून एक डाइंगवाले आमच्याकडे साखरेच्या आजाराच्या औषधाला यायचे. त्यांना डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या रंगात असतं तरी काय? नरसय्यांनी कोपरापर्यंत निळे झालेले हात पुढं केले.

"डॉक्टरसाब, रंग म्हंजे विष काय? हे हात बघा की. जन्म गेला रंगात. मेलो काय मी?"

"हात काय रंग खातात काय, नरसय्या?"

"मग पाणी सोडू कुठं? डोक्यावर घेऊन फिरू?"

डॉक्टर म्हणाले, "ते मला सांगता येत न्हाय." आणि त्यांना त्यांच्या आजाराच्या गोळ्या दिल्या.

शेवटी त्यांनी आलेल्या पेशंटांना सांगायला सुरुवात केली, की मागच्या तळ्यातला मासा खाऊ नका. दोन-तीन दिवसांतच शेवंताबाई दवाखान्यात आली. टोपली डोक्यावर तशीच. बाकावर माणसं बसलेली होती, त्यांच्यातून वाट काढत ती सरळ डॉक्टरांच्या टेबलापुढं उभी राहिली.

"डाक्टर, माजा मासा खाऊ नका म्हून तुमी सांगताय व्हय?"

"व्हय."

"का?"

"त्यात डाइंगचं पाणी जातंय, बाई. पोरं आजारी पडायलीत."

"पोरं मिलो खाऊन बी आजारी पडत्यात. ती खाऊ नका म्हून सांगिटलं का तुमी?" तिनं टोपली खाली ठेवली. "तुमी जल्मात मासा खाल्ला न्हाय. चांगला मासा कसा लागतोय, वंगाळ कसा लागतोय, तुमाला ठावं न्हाय. तुमच्या हिशेबी सगळेच मासे घाण. मग गरिबाच्या तोंडातला घास काडायला तुमचं काय जातंय?"

मला वाटलं आता डॉक्टर तिला सुनावतील. एवढ्यात कुणीतरी पेशंट म्हणालाच, "ए बाई, कुणाशी बोलतीस?" डॉक्टरांनी हात वर करून त्याला थांबवलं. शेवंताबाई टोपली उचलून निघून गेली.

"सिस्टर," ते म्हणाले, "बाई खरं बोलली."

त्यानंतर काही दिवस ते पेशंट तपासायचे, औषध द्यायचे, पण मासा खाऊ नका हे वाक्य त्यांनी तोंडातून काढलं नाही. मला वाटलं, विषय संपला. मग एका शनिवारी दवाखाना आवरताना त्यांनी मला अगदी साधेपणानं विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडे मासा खातात न्हवं?"

"हो, भीमेचा. वडील आणायचे."

"काटे कसे काढतात?"

त्यांच्या मनात काय आहे ते माझ्या लक्षात आलं होतं आणि लक्षात आलंय हे मला मान्य करायचं नव्हतं. "डॉक्टर, तुम्ही..."

"काट्याचं सांगा आधी."

मी सांगितलं. घास आधी बोटांनी चाचपायचा, घाईनं गिळायचा नाही, काटा लागलाच तर कोरडी भाकरी खायची. शाळेतल्या मुलासारखं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं. मग मीच म्हणाले, "खायचाच असला तर मरळ खा. तिला काटे कमी असतात."

रविवारी सकाळी त्यांनी नेहमीसारखी लिंगपूजा केली, भस्म लावलं आणि धुवट पांढरा शर्ट घालून बाहेर पडले. मी बरोबर होते. वाटेत एवढंच म्हणाले, "अक्काला सांगितलंय." अक्का काय म्हणाल्या ते मी विचारलं नाही.

शेवंताबाईच्या खोपटापुढं जाऊन त्यांनी तिला हाक मारली. ती बाहेर आली. पदर खोचलेला, हातात विळी.

"शेवंताबाई, तुम्ही म्हणाला ते बरोबर होतं. मी मासा खाल्लेला न्हाय. आज खायला आलोय."

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हिप्परग्याच्या तलावातली एक मरळ आणायची. ते पाणी चांगलं, तिथं रंगाचा नाला नाही. मागच्या तळ्यातलीही तेवढीच एक मरळ घ्यायची. दोन्ही एकाच पद्धतीनं शिजवायच्या. कुठली कुठं वाढली ते फक्त तिनंच लक्षात ठेवायचं, त्यांना सांगायचं नाही. "मला फरक कळतोय का बघू. कळला तर सांगतो, न्हाय कळला तरी सांगतो."

तिचा नवरा सायकलवर हिप्परग्याला गेला. ऊन वर आलं तसं बातमी वस्तीभर पसरली. पेठेतूनही माणसं आली. डाइंगवाले नरसय्यासुद्धा आले आणि कडुलिंबाच्या सावलीत उभे राहिले. कुणी हसत नव्हतं. आधी दोघा-तिघांनी चेष्टा करून बघितली, पण ती कुणी उचलली नाही. पांढऱ्या शर्टातला, कपाळावर भस्म लावलेला तो माणूस गोणपाटावर मांडी घालून वाट बघत बसला होता, त्याच्यापुढं चेष्टा टिकेना.

काळं तिखट आणि लसूण घालून दोन पातेल्यांत दोन मरळी शिजल्या. शेवंताबाईनं जर्मलच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, दोन सारख्या ताटल्यांत वाढलं, शेजारी भाकरी ठेवली.

डॉक्टरांनी हात धुतले. गळ्यातली डबी शर्टाच्या आत घातली, वरचं बटण लावलं. डावीकडच्या ताटलीतला घास घेतला, मी सांगितल्यासारखा बोटांनी चाचपला आणि तोंडात घातला.

त्यांच्या मानेच्या शिरा टरारून वर आल्या. डोळ्यांतून पाणी आलं, कपाळावर घाम फुटून भस्म ओघळलं. माणसाचं अंग एखादी गोष्ट नको म्हणत असताना तो ती कशी गिळतो, हे मी दवाखान्यात हजार वेळा बघितलं होतं, पण ते सगळे नाइलाजानं गिळणारे होते. ह्या माणसावर कुणाची जबरदस्ती नव्हती. त्यांनी चावला. अगदी सावकाश चावला, चव घेतली आणि गिळला. थोडं पाणी प्यायले. मग दुसऱ्या ताटलीकडे हात नेला.

घास ओठांपाशी आला आणि शेवंताबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या, डाक्टर."

"का?"

ती हात सोडेना.

"हा तळ्यातला आहे?"

तिनं मान डोलावली.

"तुम्ही तर म्हणता चांगला आहे."

"माज्या सुनेचं बाळतपन तुमीच केलं हुतं," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. "आता तिला पुन्यांदा दिस गेल्यात. तिला म्या ह्यातला देत न्हाय. हिप्परग्याचा आनून घालते तिला. तुमी खाऊ नका."

मागून एक बाई ओरडली, "म्हंजे आमच्या पोरान्ला घालतीस, आन् सुनेला न्हाय?" लगेच गलका झाला. कुणी पुढं सरकलं, कुणी शिवी दिली. शेवंताबाई खाली मान घालून तशीच बसून राहिली.

डॉक्टरांनी आवाज चढवला. तो मी फार थोड्या वेळा ऐकला. "गप बसा सगळे! पोट तिला बी आहे. तिनं न सांगता चाललं असतं, तरी तिनं सांगितलं. तुमच्यातल्या कुणी सांगितलं असतं?"

गलका थांबला. त्यांनी दुसऱ्या हातानं शेवंताबाईची बोटं हळूच सोडवली, एकेक करून. मग म्हणाले, "बाई, तुम्ही धरलंत ते बरं केलं. पण माझं काम राहिलंय." आणि तो घास त्यांनी तोंडात घातला. पहिल्यासारखाच चावला, पहिल्यासारखीच चव घेतली आणि गिळला. त्यानंतर त्या ताटलीतला उरलेला तुकडाही खाल्ला. त्या क्षणी त्यांना थांबवावं असं माझ्या मनातच आलं नाही. देवळात गाभाऱ्यात काही चाललेलं असताना मध्ये बोलत नाहीत, तसं काहीतरी वाटत होतं.

हात धुऊन ते उभे राहिले.

"आता सांगतो. मला दोन्हींची चव एकच लागली. फरक कळला न्हाय." कडुलिंबाखालून नरसय्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. डॉक्टर पुढं म्हणाले, "त्याचंच भ्या वाटायलंय मला. जिभेला कळलं असतं तर तुमच्या जिभेवर सोडलं असतं. डोळ्याला दिसत न्हाय, जिभेला लागत न्हाय. शिजवून जंतू मरतोय, रंग मरत न्हाय. खाल्लं की लगेच मराल असं मी म्हणणार न्हाय, ते खोटं होईल. पण रोज रोज खाऊ नका. लहान पोरं आणि दिवस गेलेल्या बायका, ह्यांच्या तोंडात तर एक घास बी घालू नका. आणि मरून वर आलेला मासा कुणीच घेऊ नका, फुकट मिळाला तरी."

वाद घालायला आता जागाच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर दवाखान्यात आले. नरसय्या मुद्दाम बघायला आले होते. "डॉक्टरसाब, तुमाला तर काय झालं न्हाय की!"

"एका दिवसानं काय व्हायचं? माझं पोट म्हणजे पुरावा न्हाय. रोज खाणाऱ्यांची पोटं मी रोज बघतोय."

पण मासा बंद झाला म्हणजे शेवंताबाईचं आणि तिच्या वस्तीचं पोट बंद झालं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. हिप्परग्याच्या तलावाचा ठेका ज्याच्याकडे होता तो आमचाच पेशंट. मासे द्यायला तो तयार झाला. अडचण आणायची होती. एस.टी.त मासळीची टोपली कंडक्टर घेऊ देत नसे, आणि सायकलवर किती येणार? डॉक्टरांकडे एक जुनी काळी मोटार होती. व्हिजिटला जायची ती मोटार. मागची सीट काढून त्यांनी तिथं पत्रा टाकला, आणि रोज सकाळी पूजा झाली की स्वतः चालवत शेवंताबाईला हिप्परग्याला न्यायला लागले. येताना मागं ओल्या गोणपाटाखाली मासे, पुढं भस्म लावलेले डॉक्टर, शेजारी डोक्यावर पदर घेऊन ताठ बसलेली शेवंताबाई. पेठेत मोटार शिरली की मांजरं मागं धावायची.

त्याच मोटारीतून ते मग व्हिजिटला जायचे. तो वास कशानंही जाईना. त्यांच्या समाजातल्या एका मोठ्या व्यापाऱ्यानं निरोप पाठवला, की मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबवत जा. डॉक्टर गल्लीच्या तोंडाशी थांबवून, बॅग घेऊन चालत जायला लागले. व्यापाऱ्याची म्हातारी आजारी होती आणि तिला बघणं भाग होतं. त्यांना त्यात अपमान वाटला नाही. वाटला असेल तर मला कधी दिसला नाही.

मग एक दिवस समाजातली वडीलधारी मंडळी घरी आली. घर दवाखान्याच्या मागंच, त्यामुळं मधल्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं. माणसं वाईट नव्हती. त्यांना हे प्रकरण मिटवायचं होतं, इतकंच.

"लोक म्हणतात, तुम्ही मासा खाल्लात."

"खाल्ला."

"म्हणजे, नुसता ओठाला लावला असेल. तपासायला म्हणून."

"न्हाय. चावून गिळला."

"औषधासारखा घेतला म्हणा की मग. औषधाला दोष न्हाय."

"औषध न्हवतं ते. मासा होता."

एकामागून एक त्यांनी सुटायच्या वाटा दाखवल्या आणि डॉक्टरांनी त्यातली एकही धरली नाही. शेवटी मंडळी उठली. अक्कांनी आणलेलं पाणी तसंच राहिलं. त्यानंतर बराच काळ त्या घरांतून जेवणाची आमंत्रणं आली नाहीत, आणि डॉक्टरांच्या मुलीसाठी जे स्थळ जवळपास ठरलं होतं तेही बारगळलं. मुलगी पुढं शिकली आणि स्वतः डॉक्टर झाली, पण ते पुढचं.

त्या संध्याकाळी मी अक्कांजवळ बसले होते. मला वाटत होतं ह्या बाईच्या मनात केवढा राग असेल. मी भीतभीत विचारलं, "त्या रविवारी डॉक्टर घरी आले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

अक्का शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "काय म्हणणार? आंघोळीला पाणी दिलं. जेवायला वाढलं. विचारलं, घशात काटा तर लागला न्हाय न्हवं?" आणि त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. मागचं तळं काठोकाठ भरलं. पाणी एवढं वाढलं की नाल्याचा रंग त्यात कुठं जातो ते दिसेना. वरून बघितलं तर स्वच्छ निळं आभाळ त्यात दिसायचं. मासे उड्या मारायला लागले. हिप्परग्याच्या ठेकेदारानं भाव वाढवला होता, आणि मोटारीचं इंजिनही आता रोजच्या फेऱ्यांना कुरकुरत होतं.

एका सकाळी भोई वस्तीतले पुरुष जाळी खांद्यावर टाकून दवाखान्यासमोर आले. पुढं शेवंताबाई होती. डॉक्टर बाहेर ओट्यावर आले.

"डाक्टर," एक जण म्हणाला, "पानी आता चांगलं झालंय. मासा बी ताजा हाय, चकाकतोय. खावा का आता?"

डॉक्टरांनी तळ्याच्या दिशेनं बघितलं. मग काही न बोलता ते आत वळले आणि कोपऱ्यातल्या चपलांत पाय घालायला लागले. मला माहीत होतं ते कुठं निघालेत. पहिल्या वेळचा तो घाम, त्या मानेच्या शिरा माझ्या डोळ्यांपुढं आल्या. समाजात आता कुठं सगळं निवळत आलं होतं. मी पुढं झाले, पण माझ्याआधी शेवंताबाई ओट्याची पायरी चढून वर आली होती.

"बसा, डाक्टर," ती म्हणाली. "आता तुमी खायाचं न्हाय. नुसतं तोंडानं सांगा. तुमी सांगाल तसं."

डॉक्टर एका चपलेत पाय घालून तसेच उभे राहिले. त्या सगळ्यांकडे त्यांनी आळीपाळीनं बघितलं. 'व्हय' म्हणाले असते तर त्या लोकांच्या चुली पेटल्या असत्या आणि त्यांची सकाळची धावपळ संपली असती. 'न्हाय' म्हणाले असते तरी कुणी विचारणारं नव्हतं.

"मला माहीत न्हाय, बाई," ते म्हणाले.

आपल्या डॉक्टरला माहीत नाही हे ऐकल्यावर माणसं काय करतात, ते मी दवाखान्यात बघत आले होते. कुरकुरतात, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. मी शेवंताबाईच्या तोंडाकडे बघत होते.

तिनं एकदा मान डोलावली. मग ती पुरुषांकडे वळली.

"आयकलं न्हवं? जाळी गुंडाळा."

आणि त्यांनी गुंडाळली. ओट्यापुढच्याच रस्त्यावर, एकमेकांना टोकं धरायला लावून, नीट घड्या घालून. मग ती खांद्यांवर टाकून ते वस्तीकडे परत निघाले. वाट तळ्याच्या कडेनंच जात होती. उन्हात मासे उड्या घेत होते, त्यांची पांढरी पोटं इथवर चमकताना दिसत होती. माणसं एकामागून एक काठावरून गेली. कुणीही मान वळवून तिकडं बघितलं नाही.